डबा क्रमांक ४१७

रॉचेस्टरच्या तळघरात बारा महिने थंडी.
मी हातमोजे घालून तिला उलगडते, वीतभर, वीतभर.
या जुन्या फिल्मला कापराचा वास येतो
आणि पेटली तर पाण्यातही विझत नाही,
असं नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं मला.

तामे हिराओका.
पोस्टरवर मात्र मिस प्लम ब्लॉसम.
नाटकमंडळी सॅन फ्रान्सिस्कोत बुडाली,
मॅनेजर गल्ला घेऊन पसार,
अकरा वर्षांची ती एका शिंपिणीच्या घरी उरली,
कुणी न्यायला न आलेल्या गाठोड्यासारखी.
पुढे लॉस एंजेलिस. उन्हात उभा केलेला बिनछपराचा दिवाणखाना,
आठवड्याला पस्तीस डॉलर,
आणि दर चित्रपटात मरण.

माझ्या वहीत नोंदी आहेत:
खंजीर, चारदा. विष, दोनदा.
एकदा ज्वालामुखी, म्हणजे टेकडीमागे पेटवलेली ओली पोती.
गोऱ्या नायकाला त्याची गोरी मिळावी म्हणून
ती वेळेवर बाजूला व्हायची,
पंगतीत उशिरा आलेल्याला सरकून जागा द्यावी तशी.

सातवं मरण या डब्यात.
छातीत खंजीर. ओठ हलतात, बराच वेळ हलतात.
मग पाटी येते:
"नाथा, पूर्वेचं फूल तुमच्या पायाशी गळतंय."

पाटी एवढीशी, आणि ओठ एवढा वेळ?
म्हणून नागामिनेंना बोलावलं.
वय एकोणनव्वद. तापात लहानपणीच कान गेले,
आईची जपानी तिच्या ओठांवरून शिकलेले.
त्यांनी तीनदा पाहिलं. खांदे हलायला लागले,
मला वाटलं, रडतायत.
मग कागद ओढून लिहिलं:

"कांदा खाऊन आलात.
जरा लांब धरा, नीट मरू द्या.
आणि मागच्या शनिवारचे पैसे अजून बाकी आहेत."

बोलपट आले तेव्हा तिला कुणी बोलायला बोलावलं नाही.
तिने रोपवाटिका काढली, गुलछडी विकली.
युद्धात गळ्यात नंबर अडकवून
वाळवंटातल्या छावणीत नेलं.
तिथे मुलांची नाटकं बसवायची म्हणे,
पण कुणालाच मरू द्यायची नाही;
तलवार लागली तरी उठून जेवायला जायचं.

स्टुडिओची खातेवही वरच्या मजल्यावर आहे.
जेवणाच्या सुट्टीत मी तो शनिवार शोधते.
सुतार, घोडेवाला, घोडा,
सगळ्यांपुढे आकडे.
तिच्या नावाची ओळ सापडली काल.
शाई तिथे नावापाशीच थांबलीय.