काळजातला काफ

सात वाजता आपा येतात.
म्हणजे मिठाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये येतात,
कारंज्याहून, पंख्याच्या घरघरीसकट,
अर्धा चेहरा, बाकी चौकोन चौकोन.
रेंज आमच्याकडं फक्त चुलीच्या अंगाला,
म्हणून आमच्या मदरशाला फोडणीचा वास.

उमैमा ओढणी घट्ट करते, कायदा उघडते.
आमच्या गावात कायदा म्हटला की
तलाठी आठवतो, नाहीतर दारव्ह्याचं ठाणं.
हा वेगळा. पातळ, हिरव्या पुठ्ठ्याचा,
पाठीकडून उघडणारा.
शाळेची वही इकडून चालते, हा तिकडून,
पोरगी दोन्हीकडून चालते
आणि कुठंच धडपडत नाही.

धडपडते मी.
तुरीच्या शेंगा सोलता सोलता
ओठातल्या ओठात.

आपा म्हणतात, ज चार आहेत.
एक दातांमागचा, एक दातांच्या फटीतला,
एक जड,
एक जिभेच्या काठाकाठानं येणारा.
झेडपीच्या शाळेत मला एकच मिळाला होता,
जगालाही तोच, जखमेलाही तोच.

काल काफ आला.
'गळ्यातून काढ बेटा, खोलून.
वरच्या वर काढलास
तर कल्बचं, म्हणजे काळजाचं,
कुत्रं होतं.'
उमैमा हसत सुटली.
उंबऱ्यातल्या भुऱ्यानं एक कान उचलला.
तेवढ्यात आपा थिजल्या, तोंड उघडं,
मधोमध ते गोल फिरणारं.

मला कोहळे गुरुजी आठवले.
'डोया नाही, डोळा. काया नाही, काळा.'
पट्टी उभी धरून.
अख्ख्या वर्गाचा ळ मोडका,
मरसकोल्ह्यांचा, राठोडांचा, आमचा.
मी अजून घरात कायीजच म्हणते.
बोलताना कुणी पट्टी घेऊन उभं नसतं.

आणि त्याच वर्षी हाफिजजी गाव सोडून गेले,
पगार तीन महिन्यांचा थकलेला.
मी ऐनपर्यंत पोचले होते.
काफ तिथून तीन अक्षरांवर होता.
तीन अक्षरं चालायला
बावीस वर्षं लागतील
असं तेव्हा कुणी सांगितलं असतं
तर मी तख्तीच फोडली असती.

आपा पुन्हा हलल्या.
'मागून कोण म्हणत होतं? तुम्ही.
हो, तुम्हीच. पुन्हा म्हणा.'
उमैमानं मोबाइल वळवला.
चौकोनात माझी बोटं, टरफलं,
आणि बॅटरी नऊ टक्के.

मी गळ्यात शोधलं.
धुराचा ठसका सापडला,
गुरुजींचा ळ सापडला,
त्याच्याही खाली हात घातला.

'अम्मी,' उमैमा म्हणाली, 'कुत्रं झालं.'

भुऱ्या खरंच उठून आत आला,
कुणी हाक मारल्यासारखा.
त्याला बाहेर काढलं.
पदराला हात पुसले.
पुन्हा म्हटलं.