दोन प्रती

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल जिन्याच्या अगदी तोंडाशी.
संशोधनातलं मला काही कळत नाही,
कळतात ती प्रवासभत्त्याची बिलं :
नमुना अकरा, दोन प्रती, सही निळ्या शाईत.

मृणाल केंकरे, सागरविज्ञान. चोडण, फेरीबोट, जीपसकट.
हेतू : चिखलाचा गाभा, दीड मीटर.
(दीड मीटरात म्हणे चारशे वर्षं मावतात.
आमच्या कपाटात सात मावत नाहीत.)

फ्लोरियान मिनेझिस, इतिहास. चोडण.
हेतू : कोमुनिदादीच्या वह्या
वाळवीच्या आधी वाचणे.

भाषाशास्त्राची ती मडकईकर. चोडण.
हेतू : भरतीओहोटीचे शब्द. बॅटऱ्या चार.
दोन मी कापल्या.

प्राणिशास्त्राच्या बिलात रात्रीचा भत्ता.
खेकडे दिवसा मोजता येत नाहीत काय,
असा शेरा मारला.
उत्तर आलं तीन पानी, आलेखांसह.
मंजूर.

आणि गणिताचे सर, जे फळा सोडून
कॅन्टीनलाही जात नाहीत,
ते चोडण. हेतू : दार.
एवढंच. दार.

मार्चअखेर गठ्ठे बांधताना दिसलं :
पाच विभाग,
जिन्यात समोरासमोर आले तरी
आपापल्या पायऱ्या बघणारी माणसं,
आणि बांध एक. माहिती देणारा एक.
बोस्त्यांव. सेबास्तियांव. बस्त्याव.
मानधनाच्या रकान्यात सगळ्यांचं निरंक.

रविवारी गेलो. पायी माणसाला फेरीबोट फुकट.

बांधाच्या पोटात लाकडी दार, काळं, कुबट.
त्याला इथं मानस म्हणतात.
भरती आली की आपसूक मिटतं,
ओहोटीला उघडतं.
गुडघाभर पाण्यात जाळं लावणाऱ्या म्हाताऱ्यानं
वर न बघता विचारलं, ‘तूं कसलो?’
जात नव्हता विचारत.
चिखलाचो? कुर्ल्यांचो? उतरांचो?
म्हटलं, बिलांचो.
तेव्हा वर बघितलं त्यानं.

मग सांगत बसला.
त्या पोरीला म्हटलं, इथं नळी खुपसू नको,
इथला नव्वद हात बांध एका पावसात वाहून गेला,
नदीपलीकडची माती आणून भरलाय,
तुझी वर्षं चुकतील.
ती सरकली. पुढे खणलं.
खेकडेवाला तर रात्रभर डोकं खाजवत होता,
नेमक्या त्याच नव्वद हातांत एक बीळ नाही.
का, ते त्याला ठाऊक नाही.
आणि तू त्याला सांगितलं नाहीस?
‘ताणें विचारलेंच ना.’

त्या मातीला आजीच्या तोंडी नाव होतं, सोयरी.
आपली नव्हे, परकीही नव्हे.
शब्दवालीनं ते तीनदा म्हणवून घेतलं,
तिसऱ्यांदा म्हणताना यंत्र बंद पडलं.
(माझ्या दोन बॅटऱ्या.)
फ्लोरियानला मात्र फुटल्याचं साल हवंय,
तेच पान वाळवीनं नेलंय.
आणि फळ्याचे सर?
ते सकाळपासून दारासमोर बसले होते.
काही मोजलं नाही. जाताना म्हणाले,
एकाच बाजूनं उघडतं, म्हणून गाव आहे.

मी पिशवीतून मानधनाचा फॉर्म काढला.
नाव. वडिलांचं नाव.
सवयीनं विचारलं, जन्मतारीख?
‘इगर्जीच्या वहीत आसा,’ तो म्हणाला.
‘बांध फुटला त्या रातीचा मी.
सुईणीला होडीतून आणली,
शेतावरून.’

पेन तिथंच थांबलं.
पाणी चढत होतं. दार हलकेच कुरकुरलं,
मग मिटलं.

सोमवारी लवकर आलो.
बोस्त्यांव फेर्नांद, दोनशे रुपये, अंगठा नव्हे, सही.
जन्मतारखेच्या खाली शेऱ्यात लिहिलं :
सोयरी माती, नव्वद हात, बिळं नाहीत.
नियमाप्रमाणे दोन प्रती पुरतात.
पाच काढल्या,
आणि जिना उतरू लागलो.