अर्थिंग

स्क्रीनला भूत लागलंय, ऋजुता म्हणाली,
आणि चपला न काढताच पाणी प्यायली.
गाडी तिची. सात महिन्यांची, विजेवरची.
रंगाचं नाव कंपनीनं काहीतरी लांबलचक ठेवलंय,
मी त्याला मोरचूद म्हणतो.

भूत असं:
कोणी हात लावत नाही आणि एसी सोळावर जातो.
कोरड्या काचेवर वायपर खरखरतात.
परवा रात्री दीड वाजता अंगणात
गरबा सुरू झाला, मे महिन्यात.
समोरचे कनुभाई गंजीफ्रॉकवर बाहेर आले
आणि ऐकत उभे राहिले. रागावले नाहीत.

सर्व्हिस सेंटरला ध्रुविल नावाचा मुलगा,
नम्र, कोरलेल्या दाढीचा.
त्यानं स्टिअरिंगवरची दोन बटणं दाबून धरली,
स्क्रीन काळी झाली, परत उजळली.
मऊ फडक्यानं पुसली, वरचा पातळ कागद सोलून काढला.
म्हणाला, "काका, अपडेट आवशे एटले बधुं बराबर."
तिथं भूत आलंच नाही.
माहेरी भुतंही शहाण्यासारखी वागतात.

छत्तीस वर्षं मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटं दुरुस्त केली,
काट्यांची, नळ्यांची.
काय बिघडलंय ते कोणीही सांगतं.
कधी बिघडतं ते सांगणाऱ्याला
मुजुमदारसाहेब स्वतःच्या पैशानं चहा पाजायचे.

तर मी वही घेऊन गाडीत जाऊन बसलो.
शैला खिडकीतून म्हणाली, आता हे राहिलं होतं.
सकाळी नऊ ते अकरा: काही नाही.
रावपुऱ्यापर्यंत चक्कर, वाटेत सेव-उसळ: काही नाही.
उसळीचं तेलकट बोट मुद्दाम लावून पाहिलं: नाही.
(हे ऋजुताला सांगितलेलं नाही.)
संध्याकाळी घरी चार्जर लावला.
चार मिनिटं.
मग नकाशा आपोआप सरकायला लागला,
वडोदऱ्यावरून, नर्मदेवरून, खाली, पार समुद्रात,
झोपेत कोणी चादर ओढावी तसा.
वायर काढली, थांबला.
लावली, सरकला.
वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मीटरच्या पेटीतून हिरवी तार भिंतीनं उतरते
आणि मागच्या चौकडीत जमिनीत जाते.
टेनामेंट बांधलं तेव्हा मीच उभं राहून
पट्टी पुरून घेतली होती, कोळसा आणि मीठ घालून.
तिथंच धुण्याचा दगड होता, सतत ओल असायची.
मग दगड काढला, फरशी बसवली,
फरशीवर वॉशिंग मशीन, त्याला प्लॅस्टिकची नळी.
ते पाणी थेट गटारात.

माझा जुना मल्टिमीटर: न्यूट्रल ते अर्थ, एकेचाळीस व्होल्ट.
उतरायला जागा न मिळालेली वीज
मिळेल तिथं बोटं लावत सुटते.

हेमंत फोनवर म्हणाला, बाबा, सॉफ्टवेअर असेल.
असेल.
मशीन सरकवताना शैलानं एक बाजू धरली.
काही विचारलं नाही,
म्हणजे रात्री विचारणार.
पहारीनं फरशी उचकटली.
चार किलो खडेमीठ, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा,
आणि पाणी. पहिल्या पाच बादल्या
कुठं गेल्या ते कळलंच नाही,
नुसता आवाज यायचा, घटाघटा.
सहावी जरा वर थांबली, मग तीही गेली.
बारा बादल्यांनंतर मीटर लावला.
सतरा. नऊ. अडीच.

रात्री चार्जर लावून आम्ही तिघं गाडीत बसलो.
नकाशावर करेलीबाग, करेलीबागेत निळा ठिपका,
ठिपक्यात आम्ही.
दहा मिनिटं. वीस. शैलाला डुलकी लागली.
कनुभाई फाटकाशी आले, "आजे गरबा नथी?"
ऋजुतानं गाणं लावलं,
स्वतःच्या बोटानं.

अपडेट आलं नंतर, जूनमध्ये. येऊ दे.
आता दर रविवारी सकाळी आठला
स्क्रीनवर एक सूचना उजळते, तिनंच टाकलेली,
टायरमधली हवा आणि बॅटरीचे टक्के यांच्या मधोमध:
जमिनीला पाणी.