सुतळीतलं घर

पहिला आकडा मी पेन्सिलीनंच लिहिते.
शहाण्णव चौरस मीटर, मीटरला सहा लाख पेसो;
मग कागद पालथा घालते
आणि चहा मागते.

नोल्फा विचारते, "सगळं धरून ना?"
सगळं कधीच धरता येत नाही, बाई.
सिमेंटच्या पोत्याला खाडी ओलांडताना
माणसाएवढं भाडं पडतं,
खिळे इथल्या हवेत पेटीतच गंजतात,
आणि बटाटे काढायच्या दिवसांत
सुतार फोन उचलत नाही.

ओदिलियोला घर खाली हवंय, पाण्याजवळ.
मी तिथं लोखंडी सळई खुपसली:
हातभर गेली, कमरेइतकी गेली,
मग मुठीसकट निघाली.
काळी, स्पंजासारखी माती. हिच्यावरचं घर
पहिल्या वर्षी कुरकुरतं,
तिसऱ्या वर्षी दार लागत नाही.
चला, अकरा मीटर वर.
वर जमीन घट्ट, पण विजेचा एक खांब वाढला,
विहिरीपासूनची नळी लांबली,
आणि उल्मोच्या झाडाखाली ह्याच्या मधमाश्या.
त्यांना हलवायचं काय घेतात, मला ठाऊक नाही.

चिलोएत सूर्य उत्तरेकडून जातो.
समुद्र दक्षिणेला, वाराही तिकडचाच, पाऊस आडवा.
ओदिलियोला दक्षिणेलाच भिंतभर काच हवी.
मी म्हटलं, समुद्र फुकट आहे,
घरात बसून तो बघणं महाग:
दुहेरी काच, जाड चौकट,
आणि दर हिवाळ्यात चुलीला दोन गाड्या जादा लाकूड.
तो बोलला नाही. टोपी काढली, परत घातली.

कागद उलटला. पाच कोटी शहात्तर लाख.
त्यांच्याकडे चार कोटी दहा,
तेही साल्मनच्या कारखान्यात
रबरी हातमोज्यांतले तिचे एकोणीस हिवाळे.

"यास्नाची खोली काढू? ती वर्षाला आठच दिवस येते.
बारा मीटर, बहात्तर लाख."
हे मी वजाबाकीच्या आवाजात म्हटलं.

नोल्फा उठली. खुंट्यांमधून दारानं आत गेली,
हो, दारानंच,
आणि झोपायच्या खोलीत गवतावर आडवी झाली.
पाय सुतळीबाहेर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे;
अंथरुणाचं अजून दव सुकलं नव्हतं.
पडल्या पडल्या तिनं छताकडे, म्हणजे ढगांकडे पाहिलं,
मग उठून बैठकीच्या चारही खुंट्या उपटून
माझ्या पायाशी आणून टाकल्या.
"आमच्याकडे पाहुणा चुलीपाशीच बसतो."

अठरा मीटर. एक कोटी आठ लाख.
वीस वर्षं नकाशे काढतेय मी,
आणि प्रत्येक घरात आधी बैठक आखतेय.

अजून अठ्ठावन्न लाख उरले.
ओदिलियो पाण्याकडे पाठ करून म्हणाला,
"खिडकी अर्धी कर.
बाहेर एक ओंडका टाकू, बसायला.
त्याचे किती?"
मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली.
पावसासाठी धरायचे दहा टक्के
त्यांना अजून सांगितलेले नाहीत.

आज सकाळी फोन:
शेजारणीच्या मेंढ्या रात्री स्वयंपाकघरातून गेल्या.
दोन खुंट्या आडव्या, एक गायब,
घर जरासं पूर्वेला कललंय.
"पण तिथून उजेड बरा वाटतोय," नोल्फा म्हणाली.
"टेप घेऊन ये."