ग्वायमासचा गाळ

दोन हजार मीटरवरून वर आलेली नळी
नोएमीने उघडली
आणि डेकभर डिझेलचा वास पसरला.
बाकीच्यांनी नाकं मुरडली.
तिला मात्र बापाचा शर्ट आठवला.
कुको कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा;
आई तो शर्ट दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायची,
तीनदा धुऊनसुद्धा.

खाली, अंधारात, कुणीतरी हाच वास खातंय.
हवा नाही. घाई तर नाहीच.
एक तेल तोडतो,
आणि त्याला जे पेलवत नाही
ते दुसरा गंधकाच्या गळ्यात घालतो.
वेगळे केले तर दोघेही उपाशी,
म्हणून बिलगून राहतात.
एकाचे दोन व्हायला महिने लागतात.

बाटलीवर तिने तारीख घातली.
मार्च. जून. नोव्हेंबर.
काळा गाळ, वर स्वच्छ पाणी, बस्स.
मग एका सोमवारी
सुईने काढलेल्या थेंबाला
कुजक्या अंड्याची पुसट घाण आली.
ती हसली, एकटीच, प्रयोगशाळेत.

संध्याकाळी फोन केला.
"आई, बाबांचा तो शर्ट टाकलास?"
"नाही गं. आहे पेटीत."
थोडा वेळ नुसती खरखर.
"वास मात्र गेला.
कधी, ते कळलं नाही."