स्वल्प तडी

बेळगावच्या यार्डात साडेअकराला बटाट्याचा लिलाव उघडला,
दोन मिनिटांत पडदा थिजला.
मधोमध ते गोल नुसतं फिरत राहिलं,
घाण्यासारखं, पण तेल नाही.
खालून विजापुरे ओरडले, "लाईट गेली काय?"

लाईट होती.
हुंडेकरांच्या पोरानं हुबळीहून काहीतरी बसवून आणलंय,
ते सेकंदाला चाळीस बोल्या लावतं,
एकोणीसशे पाच, एकोणीसशे सहा, परत एकोणीसशे पाच.
माणूस इतका अस्वस्थ नसतो.

लगमव्वा कडोलीहून आलेली. अकरा पोती.
तिच्या ढिगाला एकच गिऱ्हाईक, वडगावचा खानावळवाला,
त्याची बोली वाटेतच राहिली.
एक वाजता वेळ संपली. पडदा म्हणाला: बोली नाही.
"म्हंजे माझा माल वाईट काय?"
मी कीबोर्ड पुसत बसलो.

बेंगळूरचे साहेब फोनवर म्हणाले,
मोठा सर्व्हर घेऊ, मार्चनंतर.
घ्या की.
पण ताट मोठं केलं म्हणून
ओरबाडणारा हात लहान होत नाही.

गेटवर भरमू हमाल असतो. शाळा चौथी.
हुंडेकरांचे सहा ट्रक एकदम आले
की हात आडवा धरतो, "स्वल्प तडी."
थोडं दम धर. शिवी नाही, हाकलणं नाही.
वीस पोती उतरली की ट्रक जरा मागं,
मग एखादा टेम्पो, एखादं स्कूटरवरचं पोतं,
मग परत वीस.
ड्रायव्हरला आधीच सांगतो, तुझी पाळी दोन चहांनंतर.
म्हणून गेटवर कोण हॉर्न वाजवत नाही.

हुंडेकरांना बंद करा, असं मी म्हणत नाही.
निम्मा सेस त्यांचा, माझा पगारही त्यातलाच.
चाळीसातली शेवटची बोली तेवढी धरा,
आधीच्या एकोणचाळीस त्यांनीच मोडल्यात.
त्यांना वेगळं दार द्या, मोजून आत घ्या,
आणि दार लावताना सांगा, परत कधी उघडणार ते.
मुक्या दारावर माणूस जास्त थापा मारतो,
यंत्र तर मारतच राहतं.

हे सगळं अर्जात लिहिलं,
एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत.
मराठीतला माझ्या खणातच आहे.

पुढच्या शनिवारी परत ते गोल फिरायला लागलं.
भरमू जिना चढून आला,
पडद्यासमोर हात आडवा धरला,
ट्रकला सांगावं तसं म्हणाला, "स्वल्प तडी."
आम्ही हसलो.
लगमव्वा घड्याळाकडं बघत होती.