हातगाडीचं चाक

उसगावचा पाववाला मला नाक्यावर सोडतो.
तिथून बोंडल्यापर्यंत चढण,
एप्रिलातल्या काजूंचा आंबूस वास.
वाटेत पडलेले बोंडू वेचतो.
बी पिरगाळून झाडाच्या बुंध्याशी ठेवतो, ती बागवाल्याची.
फळं पिशवीत टाकतो, ती पात्रांवची.

पात्रांव म्हणजे अस्वल.
पिंजऱ्यावरच्या पाटीवर नर, वय अंदाजे एकवीस.
उत्तरेकडून आला तेव्हा कागदावर दुसरं नाव होतं,
त्याला हाक मारली की खाली बसायचा, डोकं झाकून.
मग कायतान म्हणाला, इतका जाडा, इतका सुस्त,
हा तर कुणाचा तरी पात्रांव.

सात वाजता कोठीत तोलणं सुरू.
पपई, केळी, उकड्या तांदळाचा भात,
मध शंभर ग्रॅम, तोही सही करून.
बिबट्यांचा उपास गुरुवारी, माझा सोमवारी,
कायतानचा करेज्म नुकताच संपलाय,
मांस तोलताना तो शीळ घालतो.

सांबराचं डावं शिंग रात्रीत गळलं.
उजवं जागेवर आहे,
म्हणून दिवसभर त्याची मान कलती,
काहीतरी आठवत असल्यासारखी.
गळलेल्या शिंगाची नोंद, मोजमाप, कुलूप.
गव्याचं शेण चार घमेली.
मगरीच्या टाकीत कुणाची तरी लाल चप्पल.
मगरीला तिचं काही नाही.

आता गाडीबद्दल सांगतो.

चारा न्यायची जुनी हातगाडी.
तिचं चाक फिरताना वाजायचं,
डुग् डुग्, मग थोडं थांबून, डुग्.
मी वळणावर दिसायच्या आधीच
पात्रांव मागच्या दोन पायांवर उभा,
डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत.
दोन वर्षं मी घरी सांगत होतो,
माणसांपेक्षा त्याला जास्त कळतं,
मी आलो की उठून उभा राहतो.
बायको म्हणायची, मी काय झोपून असते?

मग डॉक्टर केंकरेबाई आल्या, पणजीहून.
त्यांनी मला त्याच्या नाकावरचं भोक दाखवलं,
दोरीचं, कडा घट्ट झालेलं.
मग गाडी माझ्या हातून घेतली, स्वतः ढकलली.
तो उठला. तसाच. तितकाच.
‘तुमच्यासाठी नाही हो उठत,’ त्या हळू म्हणाल्या,
‘त्याला डमरू ऐकू येतो.’

त्या रात्री जेवण गेलं नाही.
सकाळी स्वयंपाकघरातली खोबरेलाची बाटली खिशात घातली
आणि कोठीमागे बसून
चाकाच्या आसात अर्धी ओतली.
जंग काळं होऊन बोटांवर उतरलं.
गाडी वळणावरून गेली, पाण्यासारखी.
पात्रांव झोपलेला होता.
पोट वर, तोंड उघडं, एक माशी.

खरं सांगायचं तर
मला त्या दिवशी थोडं वाईट वाटलं.
दोन दिवस असं वाटत राहिलं
की चाक जरासं वाजावं. एकदाच.

आज म्हापशाची शाळा आली होती, साठ मुलं.
पुढच्या एकीने, दोन वेण्या, दातात फट,
विचारलं, ‘अंकल, हा नाचता?’
मागून मास्तर हसले, मोबाईल सरसावला.
मी म्हटलं, ना गो बाय. हो खाता आनी न्हिदता.
ती बराच वेळ कठड्याला टेकून त्याचं झोपणं बघत राहिली,
बाकीची मुलं माकडांकडे गेल्यावरही.

चारला बोंडू टाकले.
उठला, आळोखेपिळोखे देत, चार पायांवर.
एकेक फळ ओठांनी उचललं,
रस हनुवटीवरून छातीवरच्या पांढऱ्या खुणेपर्यंत.
माझ्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी वहीत लिहिलं:
खाल्ले, सर्व. उरले, काही नाही.
वर्तनाच्या रकान्यात पेन थोडं थांबलं.
लिहिलं, गाडी आली तेव्हा उठला नाही.
कायतानने खांद्यावरून वाचलं,
‘किदें रे, दुयेंत काय?’

ना रे, म्हटलं. बरो आसा.
आणि बाटलीत उरलेलं तेल
फाटकाच्या बिजागरीत ओतून टाकलं.